सरहद्दीवरचे अनोळखी दिवे

लडाखमधील पँगाँग सरोवर समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. त्याची लांबी सुमारे १३४ कि.मी. आहे. पश्चिमेकडचा भाग भारताकडे आणि पूर्वेकडचा मोठा भाग चीनच्या ताब्यात आहे. दोहोंमधील प्रत्यक्ष ताबारेषा सरोवराला छेदून जाते, पण ती नेमकी कोठून जाते याविषयी दोन्ही देशांचे एकमत नाही. २०१२ सालच्या ऑगस्टपासून या भागात पहारा देणाऱ्या आपल्या जवानांना रात्रीच्या आकाशात पिवळसर, तेजस्वी दिवे दिसू लागले. हे दिवे चीनच्या बाजूच्या डोंगरांमागून वर येत, तीन ते पाच तास आकाशातून सावकाश सरकत आणि मग दिसेनासे होत. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या जवानांनीही तसेच कळवले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अशा नोंदींची संख्या शंभरावर गेली.

वर्तमानपत्रांनी नेहमीप्रमाणे 'उडत्या तबकड्या' हा शब्द वापरला. लष्कराच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न होता. हे दिवे टेहळणी करणारी चालकरहित विमाने, म्हणजे ड्रोन, तर नाहीत? सरहद्दीवर परक्या देशाचे विमान येणे ही गंमत नसते. ते खाली पाडावे की पाडू नये, त्याबद्दल निषेध नोंदवावा की नाही, हे कोणाला तरी ठरवावे लागते. त्या ठरवण्यात चूक झाली, तर तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागू शकते. त्या काळात वातावरण निवळलेले होते असेही नाही. पुढे एप्रिल २०१३ मध्ये लडाखमध्येच देपसांगच्या पठारावर चिनी सैनिकांनी तंबू ठोकले आणि दोन्ही सैन्ये सुमारे तीन आठवडे समोरासमोर उभी राहिली.

ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लष्कराने अशा ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा त्या वस्तूने ताबारेषा ओलांडली, असे नोंदींत म्हटले होते. शेवटी हा प्रश्न बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेला. वस्तू आकाशातल्या आहेत की पृथ्वीवरच्या, एवढेच संस्थेला सांगायचे होते. संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांनी दिलेले उत्तर जुलै २०१३ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. तपासलेल्या दोन वस्तूंपैकी एक गुरू होता आणि दुसरा शुक्र.

हे वाचून हसू येणे साहजिक आहे. पण हसून मोकळे होण्यापूर्वी थोडे थांबू या. रात्रीमागून रात्री उणे तापमानात उभे राहून आकाशाकडे लक्ष ठेवणारी माणसे ग्रहाला विमान का समजली? महिनोन् महिने हा गोंधळ का टिकला? आणि तो शेवटी कसा सुटला? या तीन प्रश्नांची उत्तरे शाळेतल्या विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या पुस्तकाबाहेरची नाहीत.

दिव्याला अंतर नसते

अंधाऱ्या रात्री दिसणारा एकटा प्रकाशबिंदू आपल्याला फक्त तीन गोष्टी सांगतो: तो कोणत्या दिशेला आहे, किती तेजस्वी दिसतो आणि त्याचा रंग कोणता. तो किती दूर आहे हे तो सांगत नाही. दिवसा आपण अंतराचा अंदाज घेतो तो ओळखीच्या वस्तूंच्या आकारावरून, मधल्या झाडा-घरांवरून आणि आपल्या दोन डोळ्यांना दिसणाऱ्या किंचित वेगळ्या चित्रांवरून. रात्री पहिली दोन साधने नाहीशी होतात. तिसऱ्याचा उपयोग काही शे मीटरच्या पलीकडे होत नाही, कारण आपल्या दोन डोळ्यांमधले अंतर जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर असते. त्यामुळे डोंगराच्या कड्यावरची विजेरी आणि ६१ कोटी कि.मी. दूरचा गुरू हे दोन्ही डोळ्याला अगदी सारखे भासू शकतात.

अंतर कळले नाही की उंची, आकार आणि वेग यांपैकी काहीच कळत नाही. तरीही आपले मन अंतर गृहीत धरतेच आणि त्यावरून उरलेले सर्व काही 'पाहते'. पहाऱ्यावरच्या जवानाला समोरच्या डोंगरामागून दिवा वर येताना दिसला, तर तो दिवा त्या डोंगरापाशीच आहे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

येथे एक छोटा हिशेब करून पाहू. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकताना दिसते. समजा, असा सरकणारा दिवा २० कि.मी. अंतरावर आहे असे आपण धरले. २० कि.मी. त्रिज्येच्या वर्तुळावर १५ अंशांचा कंस सुमारे ५ कि.मी. लांबीचा होतो. म्हणजे त्या वस्तूचा वेग ताशी ५ कि.मी. झाला. हा तर माणसाच्या चालण्याचा वेग! पंख असलेले कोणतेही विमान इतक्या सावकाश उडू शकत नाही, मग ते चालकासह असो वा चालकाविना. अंतर २ कि.मी. धरले तर वेग ताशी अर्धा कि.मी. येतो. तीन ते पाच तासांत आकाश ४५ ते ७५ अंश सरकते, आणि 'दिवे तीन ते पाच तास सावकाश सरकतात' हे वर्णन त्याच्याशी नीट जुळते. म्हणजे उत्तराचा एक धागा पहिल्याच नोंदीत होता.

यंत्रांना काही सापडले नाही

लष्कराने जे उपाय केले ते योग्यच होते. नोव्हेंबर २०१२ मधील बातम्यांनुसार सरोवराजवळच्या एका डोंगरावर फिरते रडार आणि रेडिओलहरींचा वर्णपट तपासणारे उपकरण नेण्यात आले. डोळ्यांना दिवा दिसत असताना रडारच्या पडद्यावर मात्र काही उमटले नाही. दिव्याकडून कोणतेही रेडिओसंकेतही आले नाहीत. त्यामुळे गूढ अधिकच वाढले.

खरे पाहता येथे गूढ कमी व्हायला हवे होते. रडार रेडिओलहरींचा स्पंद सोडते आणि तो वस्तूवर आपटून परत येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर काढते. ५० कि.मी. दूरच्या विमानावरून प्रतिध्वनी सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात परत येतो. डिसेंबर २०१२ च्या सुरुवातीला गुरू पृथ्वीपासून सुमारे ६१ कोटी कि.मी. दूर होता. प्रकाशाच्या वेगाने जाणारा स्पंद तेथे पोहोचून परत येण्यास जवळजवळ ६८ मिनिटे लागतील, आणि तोवर तो इतका क्षीण होईल की त्या फिरत्या रडारला तो जाणवणार नाही. म्हणजे 'रडारला काही दिसत नाही' या निरीक्षणाचा सर्वांत सरळ अर्थ 'जवळपास काहीही नाही' असाच होता. काही न सापडणे हीसुद्धा माहिती असते. प्रयोगशाळेत विद्यार्थी 'काहीच झाले नाही' म्हणून वहीचे पान कोरे ठेवतात तेव्हा त्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

याच्या उलट प्रकारही घडलेला आहे. ५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधील थुले येथे नव्यानेच बसवलेल्या अमेरिकी रडारने सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला होत असल्याचा इशारा दिला. प्रत्यक्षात नॉर्वेच्या बाजूने चंद्र उगवत होता आणि बलाढ्य रडारचे स्पंद त्याच्यावरून परत येत होते. ५,००० कि.मी. दूरच्या क्षेपणास्त्रावरून प्रतिध्वनी सेकंदाच्या तिसाव्या भागात येतो, तर चंद्रावरून येण्यास अडीच सेकंदांहून अधिक वेळ लागतो. इतक्या दूरची वस्तू असू शकेल ही शक्यता त्या यंत्रणेच्या हिशेबात धरलेलीच नव्हती. सुदैवाने अधिकाऱ्यांनी पडद्याबाहेरचाही विचार केला. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव त्या दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कमध्येच होते. आपला नेता तेथे असताना त्यांचा देश अमेरिकेवर हल्ला कसा करील? इशारा खोटा ठरवण्यात आला. डोळे असोत की यंत्र, आकाशात नेहमी काय असते हे माहीत नसेल तर दोन्ही फसतात.

ताऱ्यांची चौकट

आता खगोलशास्त्रज्ञांनी काय केले ते पाहू. पँगाँगच्या दक्षिणेला सुमारे १५० कि.मी. अंतरावर हानले येथे ४,५०० मीटर उंचीवर याच संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण प्रसिद्ध आहे. पण या प्रश्नासाठी मोठ्या दुर्बिणीची गरज नव्हती. लागणार होते ते एवढेच: वस्तूची जागा डोंगराच्या सापेक्ष न नोंदवता ताऱ्यांच्या सापेक्ष नोंदवायची.

यामागचा विचार सोपा आहे. वस्तू पृथ्वीजवळची असेल, म्हणजे ड्रोन, फुगा किंवा विमान असेल, तर तिचा मागच्या ताऱ्यांशी काही संबंध असणार नाही. ती ताऱ्यांमधून कशीही इकडून तिकडे जाईल. वस्तू आकाशस्थ असेल, तर ती रात्रभर त्याच ताऱ्यांच्या सोबतीने उगवेल, वर चढेल आणि मावळेल. ग्रह ताऱ्यांमधून सरकतात हे खरे, पण ते सरकणे इतके संथ असते की नुसत्या डोळ्यांना एका रात्रीत जाणवत नाही. दोन शक्यता, दोन वेगळी भाकिते आणि निवाडा करणारे एक निरीक्षण. वैज्ञानिक कसोटी म्हणतात ती हीच.

निरीक्षण केल्यावर दोन्ही वस्तू ताऱ्यांच्या सोबतीनेच जाताना आढळल्या. पहिली संध्याकाळी सहाच्या सुमारास क्षितिजावर दिसे आणि पहाटे पाचपर्यंत राही. दुसरी पहाटे चारच्या सुमारास उगवे आणि सकाळी अकरापर्यंतही दिसे. पंचांग उघडून पाहिले असते तरी दोघांची नावे सापडली असती. ३ डिसेंबर २०१२ रोजी गुरूची सूर्याशी प्रतियुती होती. प्रतियुतीच्या वेळी ग्रह सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून तो सूर्यास्ताला उगवतो आणि सूर्योदयाला मावळतो. शिवाय तेव्हा तो पृथ्वीला सर्वांत जवळ आणि सर्वांत तेजस्वी असतो. त्या हिवाळ्यात गुरू रोहिणीच्या शेजारी होता, कृत्तिकांचा पुंजकाही जवळच होता. शुक्र १५ ऑगस्ट २०१२ च्या सुमारास पहाटेच्या आकाशात सूर्यापासून सर्वांत दूर गेला होता आणि पुढे काही महिने 'पहाटेची चांदणी' म्हणून दिसत होता. सकाळी अकराला तो दिसावा याचेही नवल नाही. कोठे पाहायचे हे ठाऊक असेल आणि हवा स्वच्छ असेल, तर शुक्र भर दिवसा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आणखी एक खूण होती, ती म्हणजे चार मिनिटांची. पृथ्वीला ताऱ्यांच्या सापेक्ष एक फेरी पूर्ण करण्यास २४ तास लागत नाहीत, २३ तास ५६ मिनिटे लागतात. त्यामुळे प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो, आणि महिन्यात हा फरक दोन तासांचा होतो. गुरूसाठीही ढोबळमानाने हाच नियम लावता येतो. १ ऑगस्ट ते ३ डिसेंबर हे १२४ दिवस. १२४ गुणिले ४ म्हणजे ४९६ मिनिटे, अर्थात सव्वाआठ तास. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा गुरू ऑगस्टच्या सुरुवातीला मध्यरात्र उलटून तास-दीड तासाने उगवत होता. कोणत्या देशाचे टेहळणी विमान रोज न चुकता चार मिनिटे लवकर निघेल? नोंदवहीतील वेळा ओळीने मांडून पाहिल्या असत्या, तर हा क्रम डोळ्यांत भरला असता.

एवढे तेजस्वी का? आणि सीमा कशी ओलांडली?

मग प्रश्न उरतो तो असा की, या जवानांनी गुरू आणि शुक्र यापूर्वी कधी पाहिले नव्हते का? पाहिले असतील, पण लडाखमध्ये दिसतात तसे पाहिले नसतील.

वातावरण प्रकाशाचा काही भाग शोषते आणि विखुरते. मैदानी प्रदेशात थेट डोक्यावरच्या ताऱ्याचा साधारण ७५ टक्के प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. हानलेच्या उंचीवर हवा विरळ, कोरडी आणि धूळविरहित असल्याने जवळपास ९० टक्के पोहोचतो. हा फरक फार वाटत नाही. पण तारा क्षितिजापासून केवळ ५ अंश वर असेल, तर त्याच्या प्रकाशाला सुमारे दसपट हवेतून तिरपे यावे लागते. आता ०.७५ चा दहा वेळा गुणाकार करा. उत्तर येते ०.०५६, म्हणजे साडेपाच टक्के. ०.९ चा दहा वेळा गुणाकार केला तर येते ०.३५, म्हणजे ३५ टक्के. क्षितिजाजवळचा तोच ग्रह मैदानापेक्षा लडाखमध्ये सहापट तेजस्वी दिसतो! गंगेच्या खोऱ्यातून किंवा कोकणपट्टीतून आलेल्या जवानाला क्षितिजाजवळचा ग्रह मंद आणि धुरकट पाहण्याची सवय असते. येथे तो अचानक डोंगरामागून झगझगीत वर येतो. आधीच गुरू व्याधाच्या ताऱ्याच्या तिपटीहून अधिक आणि शुक्र त्याच्या दसपट तेजस्वी. शहरांचा उजेडही नाही. अशा वेळी 'हा तारा असूच शकत नाही' असे वाटले तर दोष कोणाला द्यायचा?

दिवा हलल्यासारखा वाटण्यालाही कारणे आहेत. क्षितिजाजवळच्या वाऱ्याच्या थरांमुळे प्रकाश थरथरतो आणि रंग बदलतो. विरळ ढग समोरून गेला तर ढग स्थिर आणि दिवा पळतो आहे असा भास होतो. शिवाय पूर्ण अंधारात एकाच बिंदूकडे टक लावून पाहिले, तर तो बिंदू स्थिर असूनही आपोआप भटकू लागतो, कारण डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालींशी ताडून पाहायला दुसरे काही समोर नसते. रात्री उड्डाण करणाऱ्या वैमानिकांना हा भास चांगला परिचयाचा आहे.

आणि ताबारेषा ओलांडणे? लष्कराच्या नोंदी आपल्यापुढे नाहीत, पण भूमितीवरून तर्क करता येतो. पँगाँगचा अक्षांश सुमारे ३३.५ अंश उत्तर आहे. डिसेंबर २०१२ मध्ये गुरू खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे २१ अंश उत्तरेला होता. त्यामुळे तो ईशान्य-पूर्वेला उगवून मध्यरात्रीच्या सुमारास क्षितिजापासून जवळजवळ ७८ अंश उंचीवर, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूच्या अगदी जवळ येई आणि मग पश्चिमेकडे उतरे. चीनची बाजू पूर्वेला आहे. दिवा काही किलोमीटर उंचीवर आहे असे धरले, तर तो रोज रात्री 'चीनच्या बाजूने येऊन भारतावरून जात' होता! सीमा ओलांडल्याची नोंद करणाऱ्याने डोळ्यांना दिसले तेच लिहिले होते. चूक होती ती फक्त अंतराच्या गृहीतकात.

आता ३२९ या आकड्याकडे पाहू. ऐकताना तो प्रचंड वाटतो. पण ऑगस्ट ते फेब्रुवारी म्हणजे सुमारे २०० दिवस, आणि रोज दोन ग्रह. सर्व रात्री निरभ्र असत्या तर ४०० नोंदीही झाल्या असत्या. नोंदींची संख्या म्हणजे वस्तूंची संख्या नव्हे. एकच माणूस रोज दारावरून गेला, तर वर्षात ३६५ माणसे गेली असे आपण म्हणत नाही.

येथे एक खुलासा करायला हवा. नोव्हेंबर २०१२ च्या बातम्यांत लष्करी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने असेही म्हटले होते की, सप्टेंबरमध्ये झालेल्या एका पाहणीत हे दिवे ग्रह किंवा उल्का नसल्याचे सांगण्यात आले. नंतरच्या सविस्तर निरीक्षणाने दोन वस्तूंची ओळख पटवली. त्यावरून सरहद्दीवर दिसलेला प्रत्येक दिवा ग्रहच होता असे कोणी म्हणू नये. त्या भागात ड्रोनचा वापर वाढत होता हे तर खरेच होते, आणि त्यामुळेच प्रत्येक दिवा ड्रोन वाटू लागला होता. जे तपासले त्याच्यापुरताच निष्कर्ष लागू करावा.

इतर देशांचे अनुभव

आकाशातल्या दिव्यांनी चकवलेले आपले लष्कर पहिले नव्हे. २४-२५ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री लॉस एंजेलिस शहरावर अमेरिकेच्या विमानवेधी तोफांनी १,४०० हून अधिक गोळे डागले. पर्ल हार्बरच्या हल्ल्याला तीन महिनेही झाले नव्हते आणि जपानी विमाने येणार या धास्तीत सारे होते. सकाळी पाहिले तर एकही शत्रूचे विमान पडलेले नव्हते, कारण एकही आलेले नव्हते. अंधारातील अपघातांनी आणि हृदयविकाराच्या झटक्यांनी काही नागरिक मात्र दगावले. अमेरिकी हवाई दलाच्या इतिहास विभागाने १९८३ मध्ये असे मत दिले की, सुरुवात बहुधा हवामानखात्याच्या फुग्यांमुळे झाली असावी. पहिला गोळा फुटल्यावर त्याच्या धुरावर प्रकाशझोत पडले आणि तेच पुढचे लक्ष्य ठरले.

जुलै १९५२ मध्ये लागोपाठच्या दोन शनिवारी रात्री वॉशिंग्टनच्या विमानतळावरील रडारवर अनोळखी ठिपके उमटले आणि लढाऊ विमाने पाठवावी लागली. हवाई दलाने कारण दिले ते तापमानाच्या विपरीततेचे. उन्हाळ्यातील शांत रात्री जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर तयार होतो. अशा थरांतून जाताना रडारच्या लहरी वाकतात आणि जमिनीवरच्या वस्तूंचे प्रतिध्वनी आकाशातून आल्यासारखे भासतात. तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसणाऱ्या मृगजळाचे हे भावंड होय.

अमेरिकी हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळात अशा १२,६१८ नोंदी गोळा केल्या. या तपासाचे शेवटचे आणि सर्वांत दीर्घ पर्व 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या नावाने ओळखले जाते. खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक त्याचे सल्लागार होते. तारे, ग्रह, उल्का, फुगे, विमाने असे करत बहुतेक नोंदींचा उलगडा झाला. ७०१ नोंदी, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के, 'अनोळखी' राहिल्या. या साडेपाच टक्क्यांवर आजवर असंख्य पुस्तके आणि चित्रपट निघाले आहेत. पण 'अनोळखी' या शब्दाचा अर्थ 'ओळख पटवण्याइतकी माहिती नाही' एवढाच होतो. तीन सेकंद दिसलेल्या दिव्याची वेळ आणि दिशाही कोणी लिहिली नसेल, तर तो कायमचा अनोळखीच राहणार. न उकललेल्या चोरीचा अर्थ चोर परग्रहावरून आला असा कोणी करत नाही.

वर्गात आणि गच्चीवर

आपल्याकडेही असे प्रसंग येतात. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातील लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या दिव्यांची रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले. उल्का, विमान, उपग्रह असे अनेक तर्क झाले. एका चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला, तो कक्षा आणि वेळ यांचा मेळ घालून. २०१९ पासून एकापाठोपाठ जाणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांची माळ पाहूनही गावोगावी खळबळ उडते. अशा वेळी शाळेत विचारणा होते आणि शिक्षकाकडून उत्तराची अपेक्षा असते.

पहिली कसोटी कालावधीची. एक-दोन सेकंद दिसून विझते ती बहुधा उल्का. मिनिटभर किंवा थोडे अधिक, तुकडे होत, जळत जाते तो अग्निबाणाचा किंवा उपग्रहाचा अवशेष. काही मिनिटे एकसारख्या गतीने जाते, लुकलुकत नाही आणि कधी मध्येच सावलीत शिरून नाहीसे होते तो उपग्रह. हा मुख्यतः सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयापूर्वीच्या दोन-तीन तासांत दिसतो. लाल-हिरवे दिवे उघडझाप करत असतील तर विमान किंवा ड्रोन. तासन् तास दिसते, दुसऱ्या दिवशीही साधारण त्याच ठिकाणी आणि थोडे लवकर येते, तो तारा किंवा ग्रह.

दुसरी कसोटी ताऱ्यांच्या चौकटीची. विद्यार्थ्यांना हात पूर्ण ताणून मूठ धरायला सांगावे. मुठीची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. क्षितिजापासून किती मुठी वर, ओळखीच्या ताऱ्यापासून किती मुठी दूर, कोणत्या दिशेला, हे दर अर्ध्या तासाने लिहावे. आठवडाभर एकाच जागी उभे राहून गुरूची किंवा व्याधाची अशी नोंद ठेवली, तर तासाचे १५ अंश आणि दिवसाची चार मिनिटे या दोन्ही गोष्टी मुले स्वतः शोधून काढतात.

तिसरी कसोटी सर्वांत पक्की आहे, पण तिला दोन गावे लागतात. १० कि.मी. अंतरावरच्या दोन शाळांनी ठरवून, दूरध्वनीवर बोलत, एकाच क्षणी त्याच दिव्याची ताऱ्यांमधली जागा पाहावी. तो दिवा २० कि.मी. दूर असेल आणि दोन्ही गावांना जोडणारी रेषा त्याच्या दिशेला काटकोनात असेल, तर दोन्ही गावांतून दिसणाऱ्या जागांत सुमारे २७ अंशांचा, म्हणजे जवळजवळ तीन मुठींचा फरक पडेल. दिवा ग्रह असेल तर फरक शून्य. सरहद्दीवरच्या दोन ठाण्यांनाही बिनतारी संदेशयंत्रावरून हे एका रात्रीत करता आले असते.

पँगाँगच्या जवानांनी एक गोष्ट मात्र फार चांगली केली. त्यांनी जे दिसले ते महिनोन् महिने लिहून ठेवले, आणि त्या दिव्यांवरून दोन देशांत गोळीबार झाला नाही. शंका आल्यावर लष्कराने ज्यांना आकाश माहीत आहे त्यांना विचारले. त्यांच्या नोंदवहीत तारीख, वेळ आणि दिशा यांच्या जोडीला 'जवळचा तारा कोणता' असा एक रकाना असता, तर हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सुटला असता. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या सैन्यात जातील, काही जण पोलिसांत, काही वर्तमानपत्रात. तो रकाना कसा भरायचा हे त्यांना शाळेच्या गच्चीवरच शिकवता येईल.